परमिट रूमची कुळकथा

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. संध्याकाळी सात वाजता कळवा नाक्यावर हे वाक्य कोणाला ऐकवलंत, तर तो आधी तुमच्याच तोंडाचा वास घेईल. पण कायद्याच्या पुस्तकात १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही जागच्या जागी आहे. नावातलं 'मुंबई' जाऊन तिथे 'महाराष्ट्र' आलं, एवढाच फरक. बेलापूर रोडवरच्या बारच्या पाटीवर 'फॅमिली रूम', 'एसी हॉल' यांच्या शेजारी 'परमिट रूम' लिहिलेलं असतं, ते या बंदीचंच अपत्य. बंदीच नसती तर पिणाऱ्याला परवाना कशाला लागला असता?

या अपत्याची आजी इंग्रजी अमदानीतली. १८७८च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातली दारू सरकारच्या मुठीत आणली. ताडीच्या झाडांवर कर बसला, भंडाऱ्यांचा वडिलोपार्जित धंदा त्यात भरडला गेला. मोहाची दारू गाळणाऱ्या उरणच्या भट्ट्यांवर सरकारी देखरेख आली. तेवढ्यानेही भागेना, म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोनच जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला. वारल्या-कातकऱ्यांच्या अंगणात पडणारं फूल परवान्याच्या कक्षेत आलं. नीतीचा प्रश्न त्यात कुठे नव्हता. गावात गाळलेली दारू महसूल देत नाही, हे दुखणं होतं. परवान्याचा जन्म या दुखण्यातून झाला, आणि पुढे त्याने कितीही गांधी टोपी घातली तरी हा मूळ स्वभाव काही गेला नाही.

टोपी घातली गेली ती १ ऑगस्ट १९३९ रोजी. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. तिचे शिल्पकार, याच मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर, हे पारशी, आणि दारूचा मोठा व्यापारही पारशांच्याच हातात. घरातूनच किती बोलणी खावी लागली असतील याचा अंदाज करावा. बुडालेला महसूल भरून काढायला शहरी मालमत्तांवर दहा टक्के कर लावला, म्हणजे घरमालकही चिडले. त्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदीही पुढे टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना ती पुन्हा आली, आणि या वेळी पूर्ण तयारीनिशी. दारूबरोबर गांजा, चरस, अफूही याच १९४९च्या कायद्याच्या पोटात होती. या अमली पदार्थांसाठी देशभरचा वेगळा कडक कायदा यायला १९८५ उजाडलं.

परमिटची खरी गोष्ट इथून रंगते. एफ. एन. बलसारा नावाचे पारशी गृहस्थ थेट हायकोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांच्या जोडीला औषधी वाइन आणि ओ-डी-कलोनसुद्धा मला बाळगू द्या, असं त्यांचं म्हणणं. कायद्याच्या व्याख्येत अत्तराची बाटलीही अडकत होती, त्यामुळे हसण्यासारखं वाटलं तरी मुद्दा भक्कम होता. १९५१मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: दारूबंदी वैध, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं तिच्यातून बाहेर. लष्कराच्या कँटीनला दिलेली सूटही कोर्टाने मान्य केली.

औषधाची ही फट पुढे चांगलीच रुंदावली. मुंबईच्या पेसिकाका नावाच्या एका परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने माणसं उडवली. त्याच्या तोंडाला वास येत होता. त्याने सांगितलं, मी बी. जी. फॉस हे टॉनिक घेतलं होतं. टॉनिकमध्ये अल्कोहोल होतं हे खरंच. हा पेसिकाका खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९५४ साली कोर्ट म्हणालं की आरोपीने बंदी असलेलीच दारू प्यायली हे सरकारने सिद्ध करायला हवं. सरकारला हे झोंबलं असणार. १९५९च्या दुरुस्तीने रक्ततपासणी आणली: शंभर मिलिलिटर रक्तात ०.०५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते टॉनिकचं होतं हे आता तुम्ही सिद्ध करा.

सरळमार्गी पिणाऱ्यांसाठी मात्र परमिटचा दरवाजा होता. परदेशी पाहुण्याला, वकिलातीतल्या माणसाला, पर्यटकाला वेगवेगळी परमिटं. सामान्य नागरिकाला मिळे ते आरोग्य परमिट. दारूवाचून प्रकृती राहत नाही असं दाखवायचं, गरज पडली तर वैद्यकीय मंडळापुढे उभं राहायचं. शरीर धडधाकट असणं ही यात अडचण! ज्याला हे जमत नसे त्याच्यासाठी चोरून दारू पाजणाऱ्या गोवन आंटीचं घर होतं, आणि ठाण्याच्या खाडीतल्या तिवरांत काळा गूळ आणि नवसागर घालून लावलेली हातभट्टी होती. त्या भट्ट्यांवर आजही होड्यांतून छापे पडतात. विषारी दारूने माणसंही मरत राहिली. २०१५ साली मालवणीत शंभरहून अधिक गेली.

मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होत गेली. १९७३चे देशी दारूचे नियम त्या वाटेवरचा मैलाचा दगड. पण कायदा रद्द करण्याची हिंमत कोणी केली नाही, आणि माझ्या मते कोणाला तशी गरजही वाटली नाही. बंदी कायम ठेवली की प्रत्येक पेग हा अपवाद ठरतो, आणि अपवादाला शुल्क लावता येतं. बारवाल्याला एफएल-३ परवाना. पिणाऱ्याला परमिट: एका दिवसाचं पाच रुपयांना, वर्षाचं शंभरात, आयुष्यभराचं हजारात. देशी पिणाऱ्याला एका दिवसाचे दोनच रुपये, गरिबीची तेवढी कदर. त्या कागदावर आजही छापलेलं असतं की ही दारू धारकाला आरोग्य राखण्यासाठी हवी आहे. शिफ्ट संपवून पार्सिकच्या डोंगराच्या पायथ्याशी क्वार्टर आणि चकणा घेऊन बसलेल्याने ते कधी वाचलं असेल असं वाटत नाही. ते परमिट आपल्या खिशात असायला हवं, हेच कित्येकांच्या गावी नसतं. पोलिसांच्या डायरीत मात्र बेकायदा दारू बाळगण्या-विकण्याचं 'दारूबंदी कायदा कलम ६५ ई' रोज उमटतं.

या कायद्याची एक शाखा १ मे १९६०ला, मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा, गुजरातेत गेली. तिथे बंदी खरोखर बंदी म्हणून राहिली, २०११मध्ये कायद्याचं नावही गुजरातचं झालं. आता गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत डिसेंबर २०२३मध्ये ठरावीक हॉटेलांत बसून प्यायची मुभा मिळाली आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना ती मिळते परमिटवरच.