उसना गोलंदाज आणि बाद फेरीचे गणित

हार्बर मार्गावरील गुरू तेग बहादूर नगर स्थानकाचे पूर्वीचे नाव कोळीवाडा. मूळच्या कोळ्यांच्या या शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यामुळे १ जून २०२५ रोजी अहमदाबादेत मुंबई इंडियन्स आणि पंजाब किंग्ज समोरासमोर आले, तेव्हा या वस्तीला दोन्ही नावे आपलीच होती. मुंबईने २०३ धावा उभारल्या; मात्र त्यांचे रक्षण करता आले नाही. आयपीएलमध्ये प्रथम फलंदाजी करताना दोनशेचा टप्पा ओलांडूनही मुंबईचा संघ पराभूत होण्याची ती पहिलीच वेळ. पंजाबचा कर्णधार श्रेयस अय्यर याने ४१ चेंडूंत नाबाद ८७ धावा केल्या. शीवला लागून असलेल्या माटुंग्यात शिकलेल्या आणि शिवाजी पार्कच्या मैदानावर घडलेल्या फलंदाजाने मुंबईचे आव्हान संपविले.

या पराभवाच्या मुळाशी एक जागा होती : जायबंदी झालेल्या उसन्या गोलंदाजाची. ऐन मोसमात, थोड्या दिवसांसाठी घेतलेला गोलंदाज संघाची बाद फेरीतील संधी नेमकी किती वाढवितो, हा प्रश्न त्या निमित्ताने तपासण्यासारखा आहे.

उसनवारी का करावी लागली?

भारत-पाकिस्तान तणावामुळे ९ मे २०२५ रोजी आयपीएल स्थगित झाली आणि १७ मे रोजी पुन्हा सुरू झाली. २५ मे रोजी होणारा अंतिम सामना ३ जूनवर गेला. या लांबणीमुळे अनेक परदेशी खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तारखा आड आल्या. मुंबईचा विल जॅक्स इंग्लंडच्या, तर रायन रिकल्टन आणि कॉर्बिन बॉश हे दक्षिण आफ्रिकेच्या संघाकडे जाणार होते. त्यांच्या जागी मुंबईने जॉनी बेअरस्टो, रिचर्ड ग्लीसन आणि चरिथ असलंका या तिघांना घेतले. तेही केवळ बाद फेरीपासून पुढे. अशा तात्पुरत्या बदली खेळाडूंना पुढील मोसमासाठी संघात कायम ठेवता येणार नाही, असा नियमही त्या वेळी करण्यात आला.

यांतील गोलंदाज ग्लीसन. वय तेव्हा ३७. जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टन येथे आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यात त्याने रोहित शर्मा, विराट कोहली आणि ऋषभ पंत यांना बाद केले होते.

एक पंचमांशाचा हिशेब

अल्पमुदतीच्या गोलंदाजाचा विचार सर्वाधिक बारकाईने झाला तो बेसबॉलमध्ये. तेथे सुरुवात करणारा पिचर साधारणपणे दर पाचव्या सामन्यात चेंडू फेकतो. परंतु त्या दिवशी सामन्याचा बहुतांश भार त्याच्यावरच असतो. टी-२० क्रिकेटमधील गोलंदाज प्रत्येक सामन्यात खेळू शकतो. परंतु १२० पैकी २४ चेंडूंपलीकडे त्याला टाकता येत नाहीत. म्हणजे पिचरच्या हाती पाचातला एक सामना जवळजवळ संपूर्ण येतो, तर गोलंदाजाच्या हाती प्रत्येक सामन्याचा पाचवा हिस्सा.

या फरकाचे महत्त्व २००८ मधील मिलवॉकी ब्रुअर्सच्या उदाहरणावरून कळते. त्यांनी जुलैमध्ये क्लीव्हलँडकडून सी. सी. सबाथिया हा पिचर मिळविला. त्याने १७ सामन्यांची सुरुवात केली; त्याच्या नावावर ११ विजय आणि २ पराभव जमा झाले. ब्रुअर्सनी न्यूयॉर्क मेट्सला एका सामन्याच्या फरकाने मागे टाकले आणि १९८२ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली. मात्र अखेरच्या टप्प्यात सबाथियाला वारंवार अपुऱ्या विश्रांतीनंतर उतरावे लागले होते. फिलाडेल्फियाविरुद्ध तो चौथ्या डावापलीकडे टिकला नाही आणि ब्रुअर्सचे आव्हान पहिल्याच फेरीत आटोपले. मोसम संपताच सबाथिया न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. त्याच्या बदल्यात क्लीव्हलँडला दिलेल्या तरुण खेळाडूंपैकी मायकेल ब्रँटली पुढे दहा मोसम तेथे खेळला.

मुंबईचा अनुभव : २०१९

असाच एक अनुभव मुंबई इंडियन्सच्या खात्यावरही आहे. २०१९ मध्ये जायबंदी ॲडम मिल्नच्या जागी वेस्ट इंडिजचा अल्झारी जोसेफ संघात आला. लसिथ मलिंगा मायदेशी गेलेला असल्याने ६ एप्रिल रोजी हैदराबादेत त्याला संधी मिळाली. मुंबईच्या धावा होत्या अवघ्या १३६. जोसेफने १२ धावांत ६ बळी घेतले, हैदराबादचा डाव ९६ धावांत गुंडाळला गेला आणि सोहेल तन्वीरचा २००८ पासूनचा स्पर्धा-विक्रम मोडला. पुढील दोन सामन्यांत जोसेफला एकही बळी मिळाला नाही. त्यांतील दुसऱ्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावल्याने त्याचा मोसमच संपला.

तीन सामन्यांत सहा बळी, तेही एकाच दिवशी. पण साखळीअखेरीस मुंबई, चेन्नई आणि दिल्ली या तिन्ही संघांचे १८ गुण झाले आणि सरस धावगतीवर मुंबई पहिली आली. हैदराबादचे दोन गुण हुकले असते, तर मुंबई पहिल्या दोघांत नसती. त्या वर्षी मुंबईने चेन्नईला अंतिम सामन्यात एका धावेने हरवून करंडक जिंकला. अखेरचे षटक मात्र टाकले ते मलिंगाने.

दुसऱ्या स्थानाचे मोल

पहिल्या दोन स्थानांना एवढे महत्त्व का, हे साध्या आकडेमोडीने कळते. सर्व संघ तुल्यबळ असून प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी आहे, असे समजू. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या संघाला करंडकासाठी लागोपाठ तीन सामने जिंकावे लागतात. त्याची संधी १२.५ टक्के. पहिल्या दोघांना दोन विजय पुरतात, शिवाय पहिला सामना हरल्यास आणखी एक संधी मिळते. त्यांची शक्यता ३७.५ टक्के, म्हणजे तिप्पट.

आता उसन्या गोलंदाजामुळे प्रत्येक सामन्यातील शक्यता ५० वरून ५५ टक्क्यांवर गेली, असे धरू. एका खेळाडूसाठी ही वाढ चांगलीच मोठी. तरीही चौथ्या क्रमांकाच्या संघाची करंडकाची संधी १२.५ वरून साधारण १६.६ टक्क्यांपर्यंतच पोहोचते. बाद फेरीपुरता आणलेला गोलंदाज जेमतेम चार टक्के मिळवून देतो. साखळीत एखादा सामना जिंकवून संघाला दुसऱ्या स्थानावर नेणारा गोलंदाज मात्र त्याच्या सहापट.

२०२५ मध्ये मुंबईचे नुकसान येथेच झाले. २६ मे रोजी जयपूरला पंजाबविरुद्धचा अखेरचा साखळी सामना जिंकला असता, तर संघ पहिल्या दोघांत आला असता. मुंबई सात गड्यांनी पराभूत झाली आणि चौथ्या क्रमांकावर राहिली. पंजाबचा डाव पुढे २९ मे रोजी बंगळूरुविरुद्ध १०१ धावांत कोसळला. तरीही पहिले स्थान गाठीशी असल्याने त्यांना आणखी एक सामना मिळाला. तोच अहमदाबादचा सामना.

उसनवारीची जोखीम

३० मे रोजी न्यू चंडीगडजवळील मुल्लनपूर येथे गुजरातविरुद्ध ग्लीसन खेळला. मुंबईच्या २२८ धावांचा पाठलाग करताना साई सुदर्शन ८० धावांवर स्थिरावला होता. त्याचा त्रिफळा ग्लीसनने उडविला. मुंबई २० धावांनी जिंकली. मात्र अखेरचे षटक टाकताना ग्लीसन जायबंदी झाला आणि अश्वनीकुमारने ते पूर्ण केले. दोन दिवसांनी त्याच्या जागी आलेल्या रीस टॉपलीचा तो मुंबईकडून पहिलाच सामना. त्याच्या एका षटकात श्रेयसने ओळीने तीन षटकार ठोकले. तीन षटकांत ४० धावा देऊन टॉपलीला बळी मिळाला नाही.

दोष एकट्या टॉपलीचा नव्हता. जसप्रीत बुमराहनेही चार षटकांत ४० धावा दिल्या. परंतु कोणताही संघ अकरा जणांत चारच परदेशी खेळाडू खेळवू शकतो आणि भारतीय वेगवान गोलंदाजांची दुसरी फळी पातळ असेल, तर एका दुखापतीने सारी मांडणी बिघडते. उलट बंगळूरुनेही बाद फेरीसाठी ब्लेसिंग मुझारबानी याला घेतले होते. पण त्याला खेळविण्याची वेळच आली नाही. त्यांचा स्वतःचा जोश हेझलवूड दुखापतीतून सावरून परतला, त्याने पंजाबविरुद्ध २१ धावांत ३ बळी घेतले आणि बंगळूरुने पहिल्यांदाच करंडक जिंकला.

उसन्या गोलंदाजाची किंमत ठरते ती यावरूनच. तो लवकर आला, तर एका सामन्यानेही गुणतक्त्यातील जागा बदलू शकतो. जोसेफने ते केले. उशिरा आला, तर त्याच्या चार षटकांचा लाभ मर्यादित राहतो, आणि तो जायबंदी झाला तर ती चार षटके लिलावात निवडलेल्या पाचव्या-सहाव्या गोलंदाजाकडेच जातात. मुंबईच्या २०२५ च्या मोसमाचा निकाल त्याच चार षटकांच्या आसपास लागला.