तोरणे, रामचंद्र गोपाळ

(१३ एप्रिल १८९० – १९ जानेवारी १९६०). भारतीय चित्रपटसृष्टीच्या आरंभकाळातील एक मराठी दिग्दर्शक, निर्माते, यंत्रसामग्रीचे विक्रेते आणि पुण्याच्या सरस्वती सिनेटोन या चित्रसंस्थेचे संस्थापक. चित्रपटव्यवसायात ते ‘दादासाहेब तोरणे’ या नावाने ओळखले जात. त्यांचा जन्म मालवण परिसरात (तत्कालीन रत्नागिरी, सध्याचा सिंधुदुर्ग जिल्हा) झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण लवकरच संपुष्टात आले. उपजीविकेसाठी ते मुंबईस आले व विद्युत्‌सामग्रीशी संबंधित अशा एका व्यापारी पेढीत नोकरीस लागले. तेथे मिळालेले यंत्रांचे व्यावहारिक ज्ञान पुढे त्यांना आयुष्यभर उपयोगी पडले. त्यांची दुसरी ओढ नाटकाची. श्रीपाद संगीत मंडळी या नाट्यसंस्थेशी त्यांचा संबंध आला आणि या दोन आवडींच्या संयोगातून पुंडलिक हा त्यांचा पहिला चित्रपट निर्माण झाला.

मुंबईकरांना चलच्चित्रांचा परिचय ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झालेल्या ल्यूम्येअर बंधूंच्या खेळाने झाला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये कुस्तीच्या सामन्याचे चित्रण केले. पुढील दहा-बारा वर्षांत विदेशी लघुपटांचे खेळ मुंबईत नित्याचे झाले. मात्र देशी कथा पडद्यावर दाखविण्याचा उद्योग येथे रुजला नव्हता. तो करून पाहावा असे तोरणे यांना वाटले. त्यासाठी लागणारे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. नानासाहेब चित्रे यांचे साहाय्य त्यांना लाभले. कॅमेरा व तो चालविणारा जॉन्सन नावाचा छायालेखक हे दोन्ही बोर्न अँड शेपर्ड या प्रसिद्ध छायाचित्रण संस्थेकडून मिळविण्यात आले. रामराव कीर्तिकर यांचे पुंडलिक हे नाटक कथावस्तू म्हणून घेतले आणि मुंबईतील मंगळदास वाडीत त्याचे चित्रण केले.

पुंडलिकाची आख्यायिका निवडण्यात व्यावहारिक शहाणपण होते. मातापित्यांची सेवा करणारा पुंडलिक आणि त्याने फेकलेल्या विटेवर उभा राहिलेला विठ्ठल ही कथा वारकरी संप्रदायामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत ज्ञात होती. शब्दांविना पाहूनही ती प्रेक्षकास उमगेल, अशी खात्री बाळगता येत होती. मूकपटाच्या काळात पौराणिक व संतचरित्रात्मक विषयांना जे प्राधान्य मिळाले, त्याचे एक कारण प्रेक्षकांची धार्मिक श्रद्धा हे होते. आधीच ठाऊक असलेल्या कथेस उपशीर्षकांचा आधार कमी लागतो, हे दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे.

प्रारंभी कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून, रंगमंचासमोर बसलेल्या प्रेक्षकास दिसेल तसे नाटक चित्रित करण्यात आले. या फळावर तोरणे यांचे समाधान झाले नाही. त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी कॅमेरा लावून त्यांनी पुन्हा चित्रण केले व ते तुकडे एकत्र जोडले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. हे कथन यथार्थ असल्यास चित्रपट म्हणजे नाटकाची प्रतिकृती नव्हे, याची जाणीव त्यांना पहिल्याच प्रयत्नात झाली होती, असे म्हणावे लागेल. पुंडलिकची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्यातील संकलनाविषयी केलेले कोणतेही ठाम विधान, मग ते अनुकूल असो वा प्रतिकूल, जपूनच स्वीकारले पाहिजे. चित्रित केलेली फीत रासायनिक प्रक्रियेसाठी लंडनला पाठविण्यात आली.

सुमारे २२ मिनिटांचा हा चित्रपट १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे प्रदर्शित झाला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्याच खेळात एक विदेशी चित्रपटही दाखविला जात असे. २५ मे १९१२ च्या टाइम्स ऑफ इंडियामध्ये पुंडलिकची जाहिरात आली. मुंबईतील जवळजवळ निम्म्या हिंदू रहिवाशांनी हा चित्रपट पाहिला असून उरलेल्यांनीही तो पाहावा, अशा आशयाचा तीत मजकूर होता. जाहिरातीस शोभेल अशी ही अतिशयोक्ती बाजूस ठेवली, तरी चित्रपट पहिल्या आठवड्यानंतरही चालू होता आणि तो देशी विषयावरील आहे ही गोष्ट जाहिरातदारास आवर्जून सांगावीशी वाटली, हे यावरून स्पष्ट होते.

⇨दादासाहेब फाळके हे चित्रपटविद्येचे शिक्षण व यंत्रसामग्री घेऊन लंडनहून १ एप्रिल १९१२ रोजी परतले होते, म्हणजे पुंडलिकच्या प्रदर्शनापूर्वी अवघा दीड महिना. त्यांचा राजा हरिश्चंद्र २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना दाखविण्यात आला व ३ मे १९१३ रोजी त्याच कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाचा प्रारंभ सामान्यतः या दिवसापासून मोजतात. पुंडलिकला हा मान नाकारताना मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात : ते नाटकाचे चित्रण होते, छायालेखक परदेशी होता आणि फितीवरील प्रक्रिया परदेशात झाली.

हे आक्षेप वस्तुस्थितीस धरून असले, तरी निर्णायक वाटत नाहीत. नाट्यप्रयोगाच्या धर्तीवर चित्रपट काढण्याची पद्धत तेव्हा जगभर रूढ होती. फ्रान्समध्ये १९०८ साली ड्यूक ऑफ गीझच्या हत्येवरील चित्रपट नामांकित रंगभूमीवरील नटांना घेऊन निघाला, तर सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीचा क्वीन एलिझाबेथ १९१२ मधलाच. फ्रेंच चित्रपटाच्या इतिहासातून त्यांना कोणी वगळत नाही. छायालेखक परदेशी असल्याने चित्रपट परका ठरत असेल, तर योसेफ व्हिर्शिंग या जर्मन छायालेखकाने चित्रित केलेला बाँबे टॉकीजचा अछूत कन्या (१९३६) भारतीय म्हणता येणार नाही. फितीवरील प्रक्रियेचीही गोष्ट तीच. प्रभात फिल्म कंपनीच्या सैरंध्रीच्या (१९३३) रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या, म्हणून तिचे मराठीपण कोणी शंकास्पद मानलेले नाही.

तथापि फाळके यांच्या कार्याचे स्वरूप निराळे होते. राजा हरिश्चंद्र सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. पटकथेपासून चित्रण, प्रक्रिया व मुद्रण यांपर्यंतची सर्व अंगे त्यांनी स्वतः आत्मसात केली, कामगारवर्ग घडविला आणि त्यानंतर सातत्याने चित्रपट काढले. पुंडलिकनंतर मात्र तोरणे यांच्याकडून लगोलग दुसरा चित्रपट निर्माण झाला नाही. उद्योगाचे संस्थापक हा फाळके यांचा मान त्यामुळे अबाधित राहतो. लोकांपुढे आलेल्या कथाप्रधान चित्रपटाचा कालानुक्रम पाहता तोरणे यांचे नाव त्यांच्या आधी येते. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. शिवाय केवळ अग्रक्रमाचाच विचार करावयाचा, तर कलकत्त्याच्या हीरालाल सेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी केलेले बंगाली नाटकांतील प्रवेशांचे चित्रण पुंडलिकच्याही आधीचे आहे. त्यांचे चित्रपट १९१७ मधील आगीत नष्ट झाले. पुंडलिकला प्रथम भारतीय चित्रपट म्हणून मान्यता मिळावी, यासाठी चित्रपटशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, तोरणे यांचे कुटुंबीय व निर्मात्यांची एक संघटना यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती.

पुंडलिकनंतर नोकरीच्या निमित्ताने तोरणे यांना कराचीस जावे लागले. तेथे बाबूराव पै यांच्याशी त्यांचा परिचय झाला. दोघांनी मिळून विदेशी चित्रपटांच्या वितरणाचा व्यवसाय आरंभिला. याच सहकार्यातून पुढे फेमस पिक्चर्स ही वितरणसंस्था उभी राहिली. पै नंतर प्रभातचे वितरक व भागीदार म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबईस परतल्यावर तोरणे यांचा आर्देशीर इराणी यांच्याशी व्यावसायिक संबंध आला. मूकपटांच्या काळात नीरा (१९२६) व सिंदबाद खलाशी (१९३०) यांसारख्या चित्रपटांशी त्यांचे नाव निगडित आहे. परंतु या वर्षांतील त्यांचे अधिक मोलाचे कार्य पडद्यामागचे आहे. मूव्ही कॅमेरा कंपनी या नावाने त्यांनी अमेरिकेतून कॅमेरे व अन्य साहित्य आयात करून चित्रसंस्थांना पुरविण्यास प्रारंभ केला. स्थानिक निर्मात्यांना तोवर यंत्राचा एखादा भाग बिघडला, तरी परदेशी पत्रव्यवहार करून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. विद्युत्‌यंत्रे जाणणारा आणि निर्मात्याची निकडही ओळखणारा विक्रेता लाभल्याने त्यांची मोठी सोय झाली.

बोलपटाच्या आगमनाबरोबर या व्यवसायास वेगळे महत्त्व आले. इराणी यांचा आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री तोरणे यांनी पुरविली होती. या ‘टॅनार’ पद्धतीत चित्र व ध्वनी एकाच कॅमेऱ्यात, एकाच फितीवर एकाच वेळी मुद्रित होत. परिणामी नटाचे उच्चार, गाणे व वाद्यांची साथ हे सर्व चित्रणाच्या क्षणीच बिनचूक साधावे लागे आणि संकलनास फारसा वाव उरत नसे. मूकपट व बोलपट या दोन्ही युगांच्या उंबरठ्यावर तोरणे उपस्थित होते; मात्र दुसऱ्या वेळी ते यंत्रे पुरविणारे होते, त्यामुळे श्रेयनामावलीत त्यांच्या वाट्यास फारसे काही आले नाही.

आपणच बोलपट काढावेत या विचाराने त्यांनी पुणे येथे सरस्वती सिनेटोनची स्थापना केली. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली ती १९३३ मध्ये. त्यापूर्वीच सरस्वतीचा श्यामसुंदर (१९३२) पडद्यावर आलेला होता. ⇨भालजी पेंढारकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या बोलपटात शाहू मोडक (कृष्ण) व शांता आपटे (राधा) या कुमारवयीन कलावंतांना प्रथमच पदार्पणाची संधी मिळाली. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेला हा चित्रपट मुंबईच्या वेस्ट एंड चित्रगृहात २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. रौप्यमहोत्सवी ठरलेला पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक पुढे अनेक चित्रपटांत कृष्ण झाले आणि प्रभातच्या संत ज्ञानेश्वरमध्ये (१९४०) ज्ञानेश्वरही. शांता आपटे यांनी प्रभातच्या कुंकूमधून (१९३७) अखिल भारतीय कीर्ती मिळविली. ज्यांना घडविण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे प्रभातला दिले जाते, असे हे दोन्ही कलावंत मुळात सरस्वतीने शोधलेले होते, ही बाब दुर्लक्षिली जाते.

औट घटकेचा राजा (१९३३) या सरस्वतीच्या दुसऱ्या महत्त्वाच्या बोलपटात शाहू मोडक यांनी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. अशा दृश्यात त्या काळी भिंगाचा अर्धा भाग झाकून एका बाजूचे चित्रण करीत, फीत मागे गुंडाळून घेत व मग दुसरा अर्धा भाग झाकून त्याच नटास विरुद्ध बाजूस उभे करून पुन्हा चित्रण करीत. मध्यंतरी कॅमेरा किंचित जरी हलला, तरी सारी मेहनत वाया जाई. छत्रपती संभाजी (१९३४), राजा गोपीचंद (१९३८), देवयानी (१९४०), नारद-नारदी (१९४१) हे सरस्वतीचे अन्य काही चित्रपट. यांपैकी कोणासही श्यामसुंदरइतके यश लाभले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फितीवर सरकारी नियंत्रण आले व १९४३ पासून तिच्या वाटपासाठी परवाना आवश्यक झाला. मोठ्या भांडवलाचा आधार नसलेल्या लहान चित्रसंस्थांना त्याची झळ अधिक बसली. सरस्वतीचे कार्यही याच दशकात थंडावले.

तोरणे अखेरपर्यंत पुण्यात राहिले. पुणे येथेच त्यांचे निधन झाले.