चाकाचा रंग काढताय? आधी टायर उतरवा, मग धातू ओळखा

तिसगाव (ता. पाथर्डी) : जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाने चाकाला मारलेला लाल, पिवळा नाहीतर काळा रंग नव्या मालकाला नको असतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या डिस्कवर तर रंगावर रंग चढलेले असतात. हा रंग काढणं अवघड नाही, पण चुकीच्या पद्धतीने काढला तर चाक वाया जातं, प्रसंगी जिवावरही बेततं.

टायर असताना आग नको
रंग जाळून काढायला गॅसकटरची किंवा ब्लो लॅम्पची ज्योत डिस्कवर धरणं सर्वांत धोक्याचं. टायर बसलेला असेल तर आतलं रबर तापून त्याचा ज्वलनशील वायू होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. नुसती हवा सोडून हा धोका जात नाही. डिस्कवर वेल्डिंग करतानाही हेच लागू आहे. म्हणून टायर डिस्कवरून पूर्ण उतरवूनच काम करावं.

लोखंड की ॲल्युमिनियम?
साधं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर डिस्क लोखंडी. नाही चिकटलं तर बहुतेक अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमचं मिश्रण. दोन्हींची रीत वेगळी आहे.

लोखंडी डिस्कचा रंग तारेच्या ब्रशने, ग्राइंडरला वायर व्हील लावून किंवा सँडब्लास्टिंगने काढता येतो. उघडं लोखंड लगेच गंजतं, त्यामुळे त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर मारावा.

अलॉय चाकाला कॉस्टिक सोडा अजिबात लावू नये. सोडा रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ॲसिडनेही धातूवर डाग आणि खड्डे पडतात. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी, दोनशे अंशांच्या पुढेच अलॉयची ताकद उतरू लागते. वरून चाक चांगलं दिसतं, पण खड्ड्यात आदळलं की तडकू शकतं.

रंग कोणता, त्यावर उपाय
- रबरासारखा सोलून निघणारा स्प्रे : कडेला नखाने उचलून सोलायचा. पातळ थर निघत नसेल तर आणखी एक जाड हात मारून, वाळवून एकत्र सोलतात.
- साधा स्प्रे पेंट : थिनरमध्ये कापड भिजवून पुसला की बऱ्याचदा उतरतो.
- कंपनीचा रंग किंवा पावडर कोटिंग : हे भट्टीत भाजून पक्कं केलेलं असतं, थिनरला दाद देत नाही. ॲल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर लावावा, रंग फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने खरडावा आणि चाक पाण्याने स्वच्छ धुवावं. किंवा पावडर कोटिंगवाल्याकडून बारीक काचमण्यांचं ब्लास्टिंग करून घ्यावं.

अलॉयवर तारेचा ब्रश, ग्राइंडर चालवू नये. जिथे टायरची कड बसते तिथे ओरखडे पडले तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू गळत राहते.

श्वास सांभाळा
काही पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणूस बेशुद्ध पडून दगावू शकतो. अमेरिकेत २०१९ पासून असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे. डब्यावरचं नाव वाचावं, काम मोकळ्या हवेत करावं, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा. साधा रुमाल वाफ अडवत नाही. थिनरजवळ बिडी-काडी नको. नदीच्या वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्याला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. खरडलेला रंग आणि उरलेलं केमिकल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गोठ्याकडे टाकू नये.

परत बसवताना
रंग निघाल्यावर चाक नीट तपासावं, कारण जाड रंगाखाली तडे लपलेले असतात. तडा दिसला तर ते चाक वापरू नये. नवा रंग देताना नट बसण्याची जागा आणि हबला टेकणारी बाजू कोरी ठेवावी. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले पडतात. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत आणि बॅलन्सिंग करून घ्यावं. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर वेगाने जाणारी गाडी असो की उसाने भरलेली ट्रॉली, ढिला नट दोघांनाही सारखाच घातक आहे.