गाजर गवताची ॲलर्जी : खाज कशाची, काळजी कशी घ्यायची आणि नुसत्या मलमानं का भागत नाही

पुसेगाव (ता. सेनगाव) : पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की पांदण, धुरा, शाळेच्या मागची जागा, स्मशानभूमी, उकिरडा, जिथं जिथं नांगर-वखर फिरत नाही तिथं गाजर गवत कमरेला लागतं. पोळ्याच्या आसपास ते बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातं. त्याच दिवसांत काही माणसांच्या मानेला, पापण्यांना, कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटते, कातडी लाल होते, पाणी सुटतं, खपली धरते. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं फवारणीचं औषध लागलं, कुणी खरूज समजून मेडिकलवरून ट्यूब आणतं. दिवाळीनंतर जरा बरं वाटतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. असं दोन-तीन वर्षं चाललं असेल तर ते गाजर गवत असण्याची शक्यता मोठी आहे.

हे गवत आपलं नाही. त्याचं मूळ अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या बाजूला. पुण्यात १९५५ साली ते उकिरड्यावर वाढलेलं दिसलं आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सांगतात, म्हणून काही ठिकाणी त्याला अजून काँग्रेस गवत म्हणतात. पुण्याच्या परिसरात माणसांना त्याच्यामुळे कातडीचा त्रास होतो हे लवकरच लक्षात आलं, आणि १९७४ मध्ये लोणकर, मिचेल व कॅलनन या तिघांचा त्यावरचा लेख लंडनच्या त्वचारोगाच्या नियतकालिकात आला. म्हणजे डॉक्टर लोकांना ही गोष्ट पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. धुऱ्यावर उघड्या हातानं गवत उपटणाऱ्याला मात्र ती अजून कुणी नीट सांगितलेली नाही.

अंगात काय होतं

गाजर गवताच्या पानावर, खोडावर बारीक लव असते. त्या लवेत आणि फुलांच्या परागात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते कातडीत शिरलं की शरीराच्या संरक्षक पेशी त्याला शत्रू समजून ओळखून ठेवतात. पहिल्यांदा हात लागला तर बहुधा काहीच होत नाही. काही आठवडे, काही वर्षंही काही होत नाही. म्हणून माणूस छातीठोकपणे सांगतो, ‘मी तर जन्मभर उपटतोय, मला काही झालं नाही.’ पण पेशींनी एकदा ओळख धरली की पुढच्या प्रत्येक वेळी त्या हल्ला करतात, आणि ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. हा हल्ला लगेच होत नाही. गवत आज उपटलं तर खाज उद्या किंवा परवा सुटते. त्यामुळं खाज सुटल्यावर माणूस आज काय खाल्लं ते आठवत बसतो आणि परवाचं निंदण विसरतो.

इथं एक गैरसमज काढला पाहिजे. ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली असं नाही. उलट ती नको तिथं, नको तेवढी चालते. कोरोनानंतर शक्तिवर्धक पावडरी आणि काढे खूप खपले, पण त्यांनी ही खाज जात नाही.

हा रोग संसर्गजन्यही नाही. ताट, पेला, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. वांगं, शेंगदाणे, अंडी बंद करूनही काही होत नाही, कारण त्रास पोटातून नाही, कातडीवरून आलेला आहे. लेकरं आणि म्हातारी माणसं उगाच पथ्यात वाळवू नयेत.

ओळखायचं कसं

परागकण आणि वाळलेल्या गवताची धूळ हवेतून येऊन बसते, म्हणून उघड्या भागावर चट्टे जास्त : चेहरा, मान, गळ्याची खोबण, हाताचे पंजे, कोपराची आणि गुडघ्याची आतली घडी. नुसत्या उन्हानं होणारा त्रास वरची पापणी, हनुवटीखालची जागा आणि कानामागची जागा बहुधा सोडतो, कारण तिथं सावली असते. हवेला सावली नाही. म्हणून या तीन जागाही भरल्या असतील तर डॉक्टरला गवताचा संशय आधी येतो. त्रास जुना झाला की कातडी जाड, काळपट, सुरकुतलेली होते, आणि काहींना पुढं साधं ऊनही सोसत नाही.

पक्की खात्री पॅच टेस्टनं होते. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि पुढं एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. सोयाबीनच्या सोंगणीत ही टेस्ट ठेवू नये, चार दिवस मोकळे काढून जावं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात याची चौकशी करता येते. नांदेडला विष्णुपुरीत असं महाविद्यालय आहे.

शेवंती आणि सूर्यफूल हे गाजर गवताचेच भाऊबंद. काही रुग्णांना त्यांचाही त्रास होतो. हार करणाऱ्यांनी, फुलशेती करणाऱ्यांनी हे डॉक्टरला आवर्जून सांगावं.

सिस्टरला, आशाताईला काय सांगायचं

उपकेंद्रात गेल्यावर माणूस नुसतं ‘खाज आहे’ म्हणतो आणि गोळ्या घेऊन येतो. त्यापेक्षा चार गोष्टी सांगितल्या तर फरक पडतो : कोणत्या महिन्यात वाढतं, गावाबाहेर आठ-पंधरा दिवस राहिलं तर कमी होतं का, कोणतं काम केल्यावर उठतं, आणि आजवर काय काय लावलं. जुन्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. नाव आठवत नाही म्हणून अर्धी माहिती तिथंच हरवते.

चांगली सिस्टर औषध देताना घरची काळजीही समजावून सांगते, आणि या रोगात निम्मं काम तेच आहे. शेतातून आल्यावर आधी हात-तोंड-मान साध्या पाण्यानं धुवायची, मग घरात बसायचं. शेतातले कपडे रोज बदलायचे, घरच्या कपड्यांत कालवायचे नाहीत. नवऱ्याच्या सदऱ्यावरची धूळ बायकोला, आणि तिच्या पदरावरची लेकराला लागते. धुतलेले कपडे गवत फुललेल्या कुंपणावर वाळत घालायचे नाहीत. कडक गरम पाणी आणि कपड्याचा साबण अंगाला लावायचा नाही. चट्ट्यातून पाणी येत असेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात बुडवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. कोरडं पडलं की खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन चालतं. नखं कापायची, कारण झोपेत खाजवून जखमा होतात. पिवळा पू, ताप, सूज दिसली तर घरी थांबायचं नाही. रॉकेल, चुना, लिंबाच्या पाल्याचा चोथा यांनी कातडी अजून भाजते.

ट्यूब आणि सुईचा धोका

खरी फसगत इथं होते. मेडिकलवर मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये तेज स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत खाज गायब, म्हणून विश्वास बसतो. पण तोंडावर महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, आणि बंद केलं की दुप्पट उठतं. खाज मुळात गजकर्णाची असेल तर तो आतून पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ प्रकारच्या स्टेरॉईड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही असं केलं. गावात तो नियम किती पाळला जातो हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट सुईची. ‘एक सुई घेतली की महिनाभर काही नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ती बहुधा स्टेरॉईडचीच असते. दर महिन्याला घेत राहिलं तर साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. स्टेरॉईड वाईट औषध नाही. कुठं, किती, किती दिवस हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. बरेच दिवस गोळ्या चालू असतील तर त्या मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत.

त्रास हाताबाहेर गेला तर त्वचारोगतज्ज्ञ ॲझाथायोप्रिनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात. ते चालू असताना ठरल्या तारखेला रक्त तपासायलाच हवं. ताप, घसा दुखणं, अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. कोणतीही लस घेण्याआधी सिस्टरला या गोळीबद्दल सांगायचं.

मळणीची धूळ

गाजर गवताचा पराग काहींच्या नाकात आणि छातीत जातो : शिंका, डोळ्याला पाणी, धाप. पण ऑक्टोबरात मळणी यंत्राजवळ दम लागतो तो बऱ्याचदा सोयाबीनचा. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा अचानक दम्याच्या रुग्णांची गर्दी झाली. शोध घेतला तेव्हा कळलं की बंदरावर सोयाबीन उतरवलं त्या दिवशीच हे होत होतं. गोदामाला धूळ अडवणारी यंत्रणा बसवल्यावर साथ थांबली. तिथं शहरभर धूळ उडाली तर दवाखाने भरले. आपल्याकडं माणूस यंत्राच्या तोंडाशीच उभा असतो. ज्याला दमा आहे त्यानं सुपडी लावायचं काम घेऊ नये, वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबावं, नाक-तोंड झाकावं आणि पंप खिशात ठेवावा. पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे.

जिथं थांबायचं नाही

गाजर गवतानं जीव सहसा जात नाही. पण मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, इंजेक्शन किंवा गोळीनंतर, एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली तर ती वेगळी आणि जीवघेणी ॲलर्जी असते. त्यावर खरं औषध एकच, मांडीत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. सिट्रिझिनच्या गोळीवर वेळ घालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा, रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करावेत, उठवून चालवू नये. फार दम लागत असेल तर टेकून बसू द्यावं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबावं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. कोणत्या औषधानं असं झालं ते कागदावर लिहून घेऊन प्रत्येक डॉक्टरला दाखवावं.

गवत काढताना

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत निर्मूलनासाठी पाळतात. मजूर बायका आणि शाळेची लेकरं उघड्या हातानं गवत उपटताना दिसतात. हे थांबलं पाहिजे. हातमोजे नसतील तर जाड पॉलिथिनची पिशवी हातावर चढवावी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल. पाऊस पडून जमीन ओली असताना, फूल यायच्या आधी मुळासकट काढावं. एका झाडाला हजारोंनी बी येतं, फुलल्यावर उपटलं तर आपणच ते पेरतो. वाळलेल्या ढिगालाही उघडा हात लावू नये, तोही तितकाच लागतो. पडीक जागेत तरोटा दाट उगवू दिला तर तो गाजर गवताला दाबतो. १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडलेला मेक्सिकन भुंगा हीच पानं खातो. पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला हा मळकट पिवळसर भुंगा गवतावर दिसला तर मारू नये.

ज्याला एकदा ॲलर्जी झाली त्यानं मात्र मोजे घालूनही या कामाला जाऊ नये. घरच्यांनी आणि मुकादमानं त्याला दुसरं काम द्यावं.