शेतकरी उत्पादक कंपनी: संचालकांची कायदेशीर जबाबदारी
शेतकरी उत्पादक कंपनीत सभासदांचे भागभांडवल असते. १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत पात्र कंपनीला प्रति सभासद २,००० रुपयांपर्यंत समभाग अनुदानही मिळते. हा पैसा संचालक मंडळ वापरते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १६६ नुसार संचालकाने सद्भावनेने, वाजवी काळजी घेऊन व स्वतंत्र निर्णयबुद्धीने काम करणे बंधनकारक आहे.

समजा, कंपनीसाठी खत संचालकाच्या भावाच्या दुकानातून मुद्दाम चढ्या दराने घेतले. नातेवाइकांना असा गैरफायदा मिळवून दिल्याचे सिद्ध झाल्यास तेवढी रक्कम त्या संचालकाला कंपनीकडे भरावी लागते. शिवाय १ ते ५ लाख रुपये दंड होतो.

बेकायदेशीर ठरावाच्या बाजूने मत देणारे संचालक कंपनीच्या नुकसानीस संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. ‘इतरांनी सांगितले म्हणून हात वर केला’ ही सबब चालत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी खरेदीचे दर जरूर विचारावेत. सर्व सभासद व्यक्ती असलेल्या कंपनीत शेअर कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते.