गिरणगावातून मेरठच्या न्यायालयापर्यंत

दिल्लीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरील मेरठचे नाव घेतले की १८५७ च्या उठावाचे स्मरण होते. मात्र याच शहरात पुढे ७२ वर्षांनी एक वेगळा संघर्ष उभा राहिला, आणि त्याची मुळे मुंबईच्या लालबाग-परळमध्ये होती. 'मेरठ कट खटला' या नावाने तो इतिहासात नोंदला गेला. दिल्ली परिसरातील मराठी कुटुंबांना आपल्या शेजारच्या या मराठी अध्यायाची ओळख क्वचितच असते.

या खटल्यामागील राज्यनीती जुनी होती. इंग्लंडमध्ये यंत्रयुग अवतरले तेव्हा तेथील सरकारने १७९९ व १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या संघटनांवर बंदी घातली. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र जनसमुदायावर घोडदळ घातले गेले. डझनाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व शेकडो जखमी झाली. चौकशी करण्याऐवजी सरकारने त्याच वर्षी सभा व वृत्तपत्रे यांवर निर्बंध लादणारे सहा कायदे केले. १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना, संघटनेची गुप्त शपथ घेतली एवढ्याच कारणावरून, सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. मात्र लोकमताच्या रेट्यापुढे नमून १८३६ मध्ये त्यांना माफी द्यावी लागली. मायदेशी वापरलेली ही हत्यारे पुढे साम्राज्यातही उपसली गेली.

मुंबईच्या गिरण्यांत प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला कष्टकरी राबत होता. १९२० नंतरच्या मंदीत मालकांनी खर्चकपातीचा मार्ग धरला. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कमी माणसांत अधिक काम व्हावे, अशी योजना पुढे आली. वेतनकपात आणि बेकारी यांचे सावट पडताच एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने कामावर गेले नाहीत. याच काळात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि वर्षअखेरीस तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. मवाळ विचारांचे ना. म. जोशी आणि साम्यवादी श्रीपाद अमृत डांगे हे दोघेही संयुक्त संपसमितीत होते. मतभेद बाजूला ठेवून साधलेली ही एकजूट सरकारला अस्वस्थ करणारी ठरली.

२० मार्च १९२९ रोजी देशभर धाडी पडल्या व ३१ जणांना अटक झाली. त्यांत डांगे, स. वि. घाटे, र. शि. निंबकर, के. एन. जोगळेकर, शां. स. मिरजकर, गंगाधर अधिकारी हे नेते होते. तसेच युनियनचे अध्यक्ष अ. आ. आळवे व गो. रा. कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले कामगारही होते. फिलिप स्प्रॅट व बेन ब्रॅडली हे दोन इंग्रजही त्यांच्यासोबत होते. बादशहाचे हिंदुस्थानवरील सार्वभौमत्व हिरावण्याचा कट केल्याचा आरोप सर्वांवर ठेवण्यात आला.

आरोपी मुंबई-कलकत्त्याचे, मग खटला मेरठला का? मुंबई वा कलकत्ता येथे खटला उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे चालला असता. मेरठच्या सत्र न्यायालयात केवळ असेसर असत आणि त्यांचे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसे. कायद्याचे अक्षर न मोडता आरोपीचे संरक्षण कसे काढून घेता येते, याचे हे ठळक उदाहरण होय.

त्याच सुमारास दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात संपांवर बंधने आणणारे औद्योगिक कलह विधेयक आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणण्यात आले होते. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले, ते याच दडपशाहीच्या निषेधार्थ. सुरक्षा विधेयकाची चर्चा मेरठ खटल्याला स्पर्श केल्यावाचून होऊ शकत नाही, असे सांगून अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी ती रोखली. तेव्हा व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून आपला हेतू साधला.

खटला पावणेचार वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. पुण्याचे वयोवृद्ध कामगार नेते धुं. रा. ठेंगडी निकालापूर्वीच निवर्तले. नेते तुरुंगात असल्याने १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप टिकला नाही. त्या अर्थी शिक्षा सुनावण्याआधीच सरकारचा हेतू बराचसा सफल झाला होता. १६ जानेवारी १९३३ रोजी २७ जण दोषी ठरले. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप, तर डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर व स्प्रॅट यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने काहींना निर्दोष सोडले, इतरांच्या शिक्षा मोठ्या प्रमाणात घटवल्या.

आरोपींचे सर्वच विचार आज प्रत्येकाला पटतील असे नाही. त्या काळीही पटत नव्हते. तरीही त्यांच्या बचावासाठी मोतीलाल नेहरूंनी पुढाकार घेतला, गांधीजी त्यांना मेरठच्या तुरुंगात भेटून आले आणि ब्रिटनमधील कामगारांच्या नाट्यपथकांनी 'मेरठ' नावाची नाटिका सादर केली. विचार न पटणाऱ्या माणसालाही न्याय्य खटला मिळाला पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. नव्या पिढीला मेरठ दाखवताना १८५७ च्या स्मारकाबरोबरच आळवे-कासल्यांसारख्या गिरणी कामगारांची ही हकिकतही सांगितली जावी.