गिअर, क्लच आणि हाताचे शहाणपण



चारठाण्यात इतिहासावर बोलायचे म्हटले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे जुनी मंदिरे, गोकुळेश्वराची बारव आणि गावचा तो उंच दगडी स्तंभ उभा राहतो. ते योग्यच आहे. पण स्तंभ उभारणाऱ्या पाथरवटाची छिन्नी कशी चालत असेल, दगड कुठे फुटेल हे त्याला आधी कसे कळत असेल, याची नोंद कुणी ठेवली नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला ही उणीव फार बोचते. म्हणून आज आम्ही एका अलीकडच्या कारागिराविषयी बोलणार आहोत. तो कारागीर म्हणजे मोटारचालक, आणि त्याची हत्यारे म्हणजे गिअरचा दांडा व क्लच. ही हत्यारे रस्त्यावरून हळूहळू नाहीशी होत आहेत आणि शर्यतीच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे गाडीची नक्कल करणाऱ्या यंत्रात, जाऊन बसत आहेत. असे का व्हावे, हा आमचा विषय.

प्रथम गिअरची गरज पाहू. इंजिन अगदी हळू फिरू लागले की बंद पडते, आणि फार जोरात फिरवले तर मोडते. चढणीवर ओझे ओढायचे तर इंजिनाने पुष्कळ फेरे घ्यावेत आणि चाकाने थोडेच फिरावे, अशी योजना लागते. सपाटीवर याच्या उलट. हा हिशेब दात्यांची चाके जमवतात. इंजिन आणि ही चाके यांच्यामधली सोडजोड म्हणजे क्लच. १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही शर्यत एमिल लेव्हासर याने सुमारे ४८ तास गाडी हाकून पूर्ण केली. त्याच्या गाडीत दात्यांची चाके सरकवून एकमेकांत घालण्याची पद्धत होती. दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असताना दाते जुळवायचे तर ते कर्रकन ओरडणारच. ते न ओरडावेत ही चालकाची विद्या.

त्या विद्येचे नाव डबल क्लच. खालचा गिअर घ्यायचा तर क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडून इंजिनाला जरा रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि नेमक्या क्षणी दांडा आत सारायचा. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. कानाला ऐकू येतो आणि तळहाताला कळतो. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा नियम जुन्या चालकांनी पोरांना असाच हाताला धरून शिकवला.

आमच्या मराठवाड्यात ही विद्या निजामी अमलात आली. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने रस्तावाहतुकीचे खाते काढले, तेव्हा त्यात २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. गाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कारखान्याच्या. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि पुढच्याच वर्षी मराठवाड्याची वाहतूक महामंडळात सामील झाली. राज्ये तीन बदलली. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचा डावा पाय मात्र क्लचवरच राहिला.

यंत्र बदलत होतेच. १९२८ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडीत अशी योजना आली की दाते जुळण्यापूर्वी दोन्ही चाकांची गती आपोआप एक व्हावी. डबल क्लचची सक्ती तेथून सुटू लागली. १९४० च्या सुमारास तेथे क्लचचे पायडलच नसलेल्या गाड्या विकू लागले. आपल्याकडे हे फार उशिरा आले. कुर्ल्याच्या कारखान्यात झालेली पद्मिनी स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर घेऊन मुंबईत टॅक्सी म्हणून धावली, ती थेट २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत.

आता नकलेच्या यंत्राकडे वळू. एडविन लिंक हा अमेरिकन तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करी. त्याच ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ साली जमिनीवरच डोलणारे विमान बनवले. प्रथम ते जत्रेतल्या करमणुकीला गेले. १९३४ साली टपाल नेणारे सैनिकी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मेले, तेव्हा लष्कराला त्याची किंमत कळली. चूक करूनही जिवंत राहण्याची सोय, हा सिम्युलेटरचा खरा गुण आहे.

मोटारीच्या शर्यतीची नक्कल १९७४ साली अटारी कंपनीच्या पेटीत आली. तिला स्टिअरिंग होते, गिअरचा दांडाही होता, क्लच नव्हता. पुढे १९८९ साल मोठे गमतीचे निघाले. त्या वर्षी ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल जिंकला, तो ज्या फेरारी गाडीत बसून, तिच्यात गिअरचा दांडाच नव्हता; स्टिअरिंगमागच्या पट्टीला बोट लावले की गिअर बदले. त्याच वर्षी अटारीने खेळाच्या यंत्रात दांड्याबरोबर क्लचही बसवला. खऱ्या शर्यतीने जे टाकायला घेतले ते खेळाने उचलले. २००६ साली लॉजिटेक कंपनीने दांडा, क्लच आणि स्टिअरिंग असा संच घरोघरच्या संगणकासाठी काढला, आणि ही हौस माजघरात शिरली.

या संचातल्या दांड्याखाली दात्याचे एकही चाक नसते. असतो तो दांडा कुठे आहे हे ओळखणारा भाग. क्लचखाली स्प्रिंग आणि पाय किती दबला हे मोजणारा भाग. क्लच न दाबता गिअर टाकलात तर संगणक कर्र असा आवाज करील आणि गिअर नाकारील. मोडणार काहीच नाही. जळलेल्या क्लच प्लेटचा वास येणार नाही, आणि मागे पन्नास माणसे बसली आहेत याचे ओझे खांद्यावर येणार नाही. बोटाच्या पट्टीने गिअर लवकर पडतो. तरीही पुष्कळ तरुण हट्टाने दांडा आणि क्लच घेतात. त्यांना आम्ही हसत नाही. हातापायाची विद्या साधण्यात जो आनंद आहे, तो त्यांना सापडला आहे. चालकाचे काम हे कौशल्याचे काम आहे, असे आम्ही इतकी वर्षे मागणीपत्रांत लिहीत आलो. त्याची साक्ष आता ही पोरे देत आहेत.

पण एकाची हौस ती दुसऱ्याची भाकरी आहे. १ जून २०२२ रोजी, त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर, एसटीची शिवाई ही विजेची गाडी सुरू झाली. तिला क्लच नाही. दिवसातून शेकडो वेळा क्लच दाबून ज्यांचे गुडघे गेले, त्या आमच्या बांधवांना हे वरदानच आहे; आम्ही त्याला विरोध करणार नाही. पण भाड्याने घेतलेल्या या विजेच्या गाड्यांवरचा चालक कंत्राटदाराचा असतो. म्हणजे गिअरचा दांडा गेला त्याच दाराने कायम नोकरीही चालली. काम सोपे झाले म्हणून माणूस स्वस्त झाला, हा हिशेब आम्हांला मान्य नाही. अंधारात, पावसात, गुराढोरांतून पन्नास जिवांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी क्लचबरोबर कमी झालेली नाही.

दुसरी गोष्ट. १ जुलै २०२१ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर असावा लागतो. अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा आहे. हे चांगले आहे. शिकाऊ मुलाची पहिली चूक काचेच्या पडद्यावर व्हावी, रस्त्यावर नव्हे. मात्र त्या यंत्राशेजारी वीस-पंचवीस वर्षे घाट उतरलेला चालक शिक्षक म्हणून बसवावा आणि त्याला शिक्षकाचे वेतन द्यावे. कानाने गिअर ओळखणारी शेवटची पिढी आज निवृत्त होत आहे. तिच्याकडून शिकून घेणे, तिचे बोलणे लिहून ठेवणे हे काम आपल्या वाचनालयांनी आणि संघटनांनी याच वर्षी हाती घ्यावे. स्तंभ घडवणाऱ्या पाथरवटाला विचारायला आता कोणी नाही. चालक मात्र अजून आपल्या गावच्या थांब्यावर भेटतो.